कर्ज एकाचे, जप्ती साऱ्या घराची?



सोसायटीच्या खात्यावर नाव एकाचे असते. जप्तीचा पंचनामा मात्र आखाड्यावर दिसेल त्या सगळ्याचा होतो. ज्वारीची रास, कापसाची बोचकी, बैलजोडी, पाण्याची मोटार. यात धाकट्या भावाचे किती, बटाईदाराचे किती, घरच्या लक्ष्मीचे किती, हे विचारायला कोण थांबतो? नांदेड-लातूरच्या कोरडवाहू गावांना हे नवे नाही. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात सोसायटीची बाकी कापसाच्या चुकाऱ्यातूनच कापून घेत. कापूस तिघांचा आणि पट्टी एकाच्या नावाची असली, की एकाच्या बाकीची कपात तिघांना सोसावी लागे.

शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज का चढले, शेतीमालाचे भाव कोणी पाडले, हा वाद आम्ही सोडलेला नाही. पण तो निकालात निघेपर्यंत निदान एवढे तरी व्हावे : ज्याचे कर्ज, त्याच्याच मालाला हात लावा.

हे आमच्या मनचे नाही, कायद्यातलेच आहे. दिवाणी कोर्टाची जप्ती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ प्रमाणे तिसऱ्या माणसाला हरकत घेता येते. माल कोणाचा, हे कोर्टाने त्याच कामात ठरवायचे. १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी वेगळा दावा लावावा लागत नाही, आणि निकाल विरुद्ध गेला तर अपील आहे. सोसायटीची किंवा जिल्हा बँकेची वसुली असेल तर सहकारी संस्था नियम, १९६१ मधला नियम १०७ लागतो. तिथे हरकतीची चौकशी वसुली अधिकाऱ्याने करायची असते. त्याचा निकाल मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

खुद्द कर्जदारालाही थोडे संरक्षण आहे. संहितेचे कलम ६० सांगते, की शेतकऱ्याची औजारे, पोटापाण्यापुरती जनावरे, बियाणे, राहते घर, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरिवाजाने बाईने अंगावेगळे करू नये असे दागिने कोर्टाच्या जप्तीत घेता येत नाहीत. हा हक्क आम्ही सोडला असे आधी कागदावर लिहून घेतले असले, तरी ते लिखाण रद्दबातल आहे.

मग माणसे हरतात कुठे? उशिरात आणि कागदात. लिलाव उरकल्यावर कोर्ट हरकत दाखल करून घेत नाही. माल माझा आहे हे सिद्ध करायचे ओझेही हरकत घेणाऱ्यावरच पडते. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेतला तर पावती ज्याचे पैसे त्याच्या नावाची करा. बटाईचा करार दोन ओळींचा का होईना, लिहून ठेवा. भाऊ वेगळे झाले असतील तर वाटणीची नोंद सातबारावर चढवा. एकत्र कुटुंबात घरच्या गरजेसाठी कर्त्याने काढलेले कर्ज इतरांच्या हिश्श्यालाही चिकटू शकते, हे विसरू नका.

खोट्या हरकती मात्र आम्हाला नकोत. जामीनदार हा तिसरा माणूस नव्हे, त्याने स्वतः सही केलेली असते. जप्ती लागल्यावर मेहुण्याच्या नावाने केलेले खरेदीखत त्या जप्तीपुढे टिकत नाही. अशा एका कागदामुळे दहा खऱ्या हरकती संशयात सापडतात.

सगळ्यांत जास्त नाडली जाते ती बाई. स्त्रीधन हे तिच्या एकटीच्या मालकीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले. तरी घरातले सारे नवऱ्याचेच, असे धरून पंचनामा लिहिला जातो. पेरणी-खुरपणीत, वेचणीत तिचा घाम मोजला जात नाही, तसा जप्तीत तिचा मालही मोजला जात नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. ते आम्ही उपकार म्हणून मांडले नव्हते, तिच्या कष्टाची ती परतफेड होती. तिच्या नावावर आधीच चढलेली जमीन, तिने सही दिलेली नसेल तर, नवऱ्याच्या कर्जापायी कोणी सहज जप्त करू शकत नाही. पण नोंद कर्जाआधी हवी. दारात जीप उभी राहिल्यावर तलाठ्याकडे धावून उपयोग नाही.

आमची मागणी एवढीच. जप्तीआधी घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला, बाईलाही, यात तुमचे काय आहे असे विचारा. उत्तर पंचनाम्यात लिहा. पंचनाम्याची मराठी नक्कल तिथल्या तिथे द्या. हरकतीचा निकाल लागेपर्यंत मालाचा लिलाव पुकारू नका. शंभर रुपयांच्या पावतीवर शेतकऱ्याच्या तीन सह्या घेणाऱ्या संस्थांना एवढी विचारपूस जड जाऊ नये.

येत्या बैठकीला येताना आपापला सातबारा सोबत आणा आणि त्यावर कोणाकोणाची नावे नाहीत, ते आधी घरात बसून बघा.