ट्रक चालवायचा आहे? आधी वजन पाहा

छोट्या टेम्पोला वेगळा परवाना हवा, असे म्हणत विमा कंपन्या अपघाताची भरपाई नाकारत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हा वाद मिटवला. मालासह ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालते.

मोठ्या ट्रकचे तसे नाही. वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असेल, तरच शिकाऊ परवाना मिळतो. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र मात्र लागतेच. स्टिअरिंगला हात न लावता ते मिळवून देणारेही भेटतात. पण चाचणीत गाडी रिव्हर्स घेत अरुंद जागेत वळवावी लागते, आणि तिथेच गडबड होते. फी भरण्याआधी विचारा: रिव्हर्सचा सराव किती तास, आणि कोणत्या गाडीवर?