जुन्या ई-कारच्या बॅटरीची तब्येत

टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी 2020 मध्ये बाजारात आली. त्या सुरुवातीच्या गाड्यांच्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. म्हणजे 2028 पासून ती संपू लागेल. अशी गाडी जुनी घेताना बहुतेक जण किती किलोमीटर धावली तेवढे पाहतात. ते पुरेसे नाही.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशीच नुसत्या वयानेही. पूर्ण चार्ज करून उन्हात दिवसेंदिवस उभी राहिलेली गाडी कमी धावूनही अधिक थकलेली असू शकते. निसान लीफच्या पहिल्या मॉडेलमध्ये बॅटरी थंड ठेवणारी द्रवयंत्रणा नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उष्णतेत तिची क्षमता फार लवकर घटल्याच्या तक्रारी 2012 मध्ये गाजल्या. गाडी कोणत्या गावात, सावलीत की उन्हात उभी असायची, हे विदर्भ-मराठवाड्यात तर आवर्जून विचारावे.

रेंज कमी मिळते म्हणून बॅटरी खराब, असेही नाही. पहिल्या नेक्सॉनची बॅटरी 30.2 युनिटची आणि प्रमाणित रेंज 312 किलोमीटर होती. म्हणजे किलोमीटरला जेमतेम 97 वॅट-तास. एसी लावून, रोजच्या रस्त्यावर 140 लागले, तर नवी गाडीही सुमारे 215 किलोमीटरच जाईल. डॅशबोर्डवरचा 'उरलेले किलोमीटर' हा आकडा अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. एका रीडिंगवरून निदान करू नये, हे इथेही लागू पडते.

त्यापेक्षा साधी चाचणी करावी. आदल्या रात्री गाडी 100 टक्के चार्ज करावी. चार्ज 90 टक्क्यांवर आला की ट्रिप मीटर शून्य करून 20 टक्क्यांपर्यंत चालवावी. समजा 126 किलोमीटर झाले आणि सरासरी खर्च 140 वॅट-तास दिसला. म्हणजे 70 टक्क्यांत 17.6 युनिट खर्च झाले; पूर्ण क्षमता सुमारे 25.2 युनिट, मूळच्या 83 टक्के. काही भाग कंपनी राखीव ठेवते, म्हणून प्रत्यक्ष झीज याहून थोडी कमी असेल. पाच-दहा टक्क्यांच्या फेरीवरून मात्र हिशेब करू नये. त्यात चूक फार मोठी होते.

या गाडीची खरी रेंज 180 किलोमीटर. 20 टक्के हाताशी ठेवले तर 144. रोज 50 किलोमीटर जाणाऱ्याला ती उत्तम. पण मुंबईहून पुण्याला एका दमात, बोरघाट चढून जायचे असेल, तर वाटेत चार्जिंग धरूनच निघावे.

विसार देण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीचा अहवाल घ्यावा आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी मागावे. विकणारा चाचणीला तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.