वहिवाट की वचन?

सदर बाजार, झाशी येथील मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींस, आणि हे पत्रक ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांस

मंडळीत एखाद्या प्रथेबद्दल ‘हे असे का?’ असे कोणी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते: पूर्वीपासून चालत आले आहे. छावणीच्या गावात हे ‘पूर्वीपासून’ पुष्कळदा इंग्रज पलटणींपर्यंत जाऊन थांबते, गावाकडच्या मंडळ्यांत एखाद्या मिशनरी साहेबापर्यंत. प्रेषितांपर्यंत ते क्वचितच पोहोचते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. उपासनेत आणि मंडळीच्या कारभारात शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा आहे. तो पाळकांचा नाही, कमिटीचा नाही, मिशनचा नाही आणि आपल्या आजोबांचाही नाही. हे काही आम्ही नव्याने काढलेले मत नव्हे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना हाच जाब विचारतो: आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिल्याचे सांगून तुम्ही त्यांना वाऱ्यावर सोडता, आणि वाडवडिलांच्या संप्रदायापायी देवाची आज्ञा रद्द करता. त्याहून कठोर दाखला राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात आहे. रानात मोशेने पितळेचा साप केला तो देवाच्या आज्ञेनेच. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला आणि शास्त्राने त्याची वाखाणणी केली. देवाच्या आज्ञेने घडलेली वस्तूसुद्धा आज्ञेबाहेर गेल्यावर राखायची नसेल, तर जिला आज्ञेचा आधारच नाही अशा वहिवाटीचा हक्क किती?

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. तो आपल्यात सर्वांत धीटपणे विचारला पंडिता रमाबाईंनी. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांच्या व सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून वाद सुरू झाला. चर्च सांगते म्हणून एखादे मत मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. ते शास्त्रात कोठे आहे ते दाखवा, असे त्या विचारीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यायची त्यांची इच्छा नव्हती. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न त्यांनी केला. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. पण अहंकारी माणूस असल्या वादानंतर स्वतःचा पंथ काढतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षे खर्चून, साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या; 1924 साली ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले. शास्त्राचा अधिकार मानणे म्हणजे काय ते यात दिसते: ज्या पुस्तकावर सर्वांना तोलायचे, ते सर्वांच्या हाती द्यायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बायबलमध्ये बाके नाहीत, पेटी नाही, मायक्रोफोन नाही; मग ते सर्व बाहेर काढायचे काय? नाही. आज्ञा एक आणि ती पाळण्याची सोय दुसरी. वचन ऐकवावे ही आज्ञा. ते शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावे म्हणून मायक्रोफोन ही सोय. सोय बदलता येते, टाकता येते, तिच्यावरून कोणाला नापास करता येत नाही. बिघाड होतो तो सोयीला आज्ञेचे पद मिळाल्यावर. एकेकाळी ऑर्गन पवित्र आणि टाळ-मृदंग ‘हिंदू’ ठरले, ते असेच. वास्तविक स्तोत्र 150 मध्ये डफ आहे, तंतुवाद्ये आहेत, झणझणणाऱ्या झांजा आहेत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अभंग आणि कीर्तन घेऊन मंडळीत आले, ते शास्त्र सोडून नव्हे. विलायती सवय सोडून. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की ऐकणाऱ्याला न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना केली, तर त्याने ‘आमेन’ कसे म्हणावे? ज्या घरातली आजी मराठीतच प्रार्थना करते, तिच्यासाठी महिन्यातून एक मराठी उपासना मागणे हा भाषाभिमान नव्हे, ती पौलाची मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: प्रत्येकाने आपापले वाचले तर जितकी डोकी तितक्या मंडळ्या होतील. फुटी झाल्या आहेत हे खरे, आणि त्याची लाज वाटायला हवी. पण प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाचे लोक पौलाचे बोलणेसुद्धा दररोज शास्त्राशी ताडून पाहतात, ते मिळून. आणि पंधराव्या अध्यायात यरुशलेमेची सभा वाद मिटवते ती आमोसाच्या वचनाचा आधार घेऊन. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हाही प्रत्येकीला आपली एखादी जुनी वहिवाट सैल करावी लागली. वहिवाटीला घट्ट धरून त्या एकत्र येऊ शकल्या नसत्या. कोणी विचारील, मग बायकांनी गप्प बसावे हेही शास्त्रच ना? त्याने करिंथकरांस पहिल्या पत्रात चौदाव्या अध्यायाआधी अकरावा वाचावा: तेथे स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौल गृहीतच धरतो. अपुल्लोला मार्ग अधिक नीट समजावणाऱ्या दोघांत प्रिस्किल्ला होती. एका वचनाने दुसऱ्याचे तोंड बंद करणे म्हणजे शास्त्र मानणे नव्हे.

आपल्या झाशीत 28 ऑक्टोबरला संत ज्यूडच्या सणाला दूरदूरचे लोक येतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा आम्हाला करायची नाही. रोमन कॅथलिक बंधू परंपरेला शास्त्राच्या जोडीने मानतात हेही ठाऊक आहे. तरी त्यांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली म्हटले की चर्चचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. म्हणून विचारतो. या ज्यूडच्या, म्हणजे यहूदाच्या, नावाचे पत्र पंचवीस वचनांचे आहे. लेखक स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, पवित्र आत्म्याने प्रार्थना करा म्हणतो, आणि शेवटी सारे गौरव एकट्या देवाला देतो. त्याच्याकडे मध्यस्थी मागावी असे त्या पत्रात कोठे आहे? जिवंत भावाला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो, तसेच हे, असे उत्तर दिले जाते. पण जिवंतांनी एकमेकांसाठी प्रार्थना करावी ही याकोबाची आज्ञा आहे. गेलेल्यांना विनवण्याची आज्ञाही नाही, उदाहरणही नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव व माणसे यांच्यामधला मध्यस्थ एकच सांगितला आहे.

मात्र दुसऱ्याच्या देवळातला धूप दिसतो आणि आपल्यातली उतरंड दिसत नाही, असे होऊ नये. दक्षिणेत कित्येक मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळे बसत, प्रभुभोजनही आधी कोणी आणि मागून कोणी असे घेत. ही ‘लोकरीत’ म्हणून तिला हात लावायला मोठमोठे मिशनरी कचरले. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जात मंडळीतून ताबडतोब आणि कायमची गेली पाहिजे असे पत्र काढले, तेव्हा शेकडो लोक मंडळी सोडून गेले. बिशपांची बाजू बरोबर होती, कारण करिंथात श्रीमंत आधी खात आणि गरीब उपाशी राहत, त्याला पौलाने प्रभुभोजन म्हणायचेच नाकारले होते. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायातही सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायापाशी बसवणाऱ्यांना दोषी ठरवले आहे. आज आपल्या मंडळ्यांत लग्न जमवताना मूळ जात हळूच विचारली जाते. मोठी देणगी देणाऱ्यांसाठी पुढची बाके धरून ठेवली जातात. वर्गणी थकलेल्या घरच्या मयताला जागा देताना कां-कूं होते. यांपैकी एकालाही शास्त्राचा आधार नाही, आणि तिन्हींच्या पाठीशी वहिवाट मात्र भक्कम उभी आहे.

म्हणून आमची मागणी: कमिटीच्या येत्या सभेत आपल्या मंडळीच्या प्रथांची यादी वाचावी, आणि प्रत्येकीपुढे अध्याय व वचन लिहावे, किंवा ती केवळ सोय आहे असे लिहावे. जिच्यापुढे दोन्हींपैकी काहीच लिहिता येणार नाही, ती त्याच सभेत बंद करावी. सुरुवात पुढच्या बाकांपासून करावी.