आलुदा, फालुदा आणि शहागंज

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. बंदराजवळच्या मध्यवर्ती बाजारात सकाळपासून झुंबड असते. कोथिंबिरीला तिथे ‘कोतोमिली’ म्हणतात; हा शब्द तमिळांनी नेला. डाळ भरलेली ‘ढोल पुरी’ बिहारी मजुरांची. आणि दुधात सब्जा घालून केलेला गारेगार ‘आलुदा’ म्हणजे शहागंजातल्या रोजेदाराच्या ओळखीचा फालुदाच! सब्जाला तिथे ‘तुकमरिया’ म्हणतात. त्यातला ‘तुख्म’ म्हणजे फारसीत बी.

या बाजारापासून जवळच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून सुमारे पाच लाख मजूर करारावर त्या बेटावर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, तशीच ईदलाही. बाजारातून थोडं चाललं की जुम्मा मशीद लागते, आणि तिच्या आसपास चिनी दुकानं.

म्हणून ते बेट स्वर्ग आहे, असं मुळीच नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, याच पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली होती. माणसं मेली, कुटुंबं घरदार सोडून गेली. सलोखा कुणाला आयता मिळत नाही. तो रोजच्या देवघेवीतून सांभाळावा लागतो, आणि त्या देवघेवीची जागा म्हणजे बाजार.

छत्रपती संभाजीनगरलाही दंगलींच्या आठवणी आहेत, आणि शहागंज ते गुलमंडी हा बाजारही आहे. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आला, ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्याच दिवशी ईदची नमाज झाली. अशा दिवसांत एका हातगाडीवर साखरेच्या गाठी लटकतात आणि शेजारच्या गाडीवर शेवयांचे ढीग असतात. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नसल्याने ही सोबत काही वर्षंच टिकते, मग सण पुन्हा लांब जातात.

नेमक्या याच दिवसांत ‘अमक्याकडूनच घ्या, तमक्याकडून घेऊ नका’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवणाऱ्याने एकदा हिशेब करून पाहावा. शिरखुर्म्याचं दूध खेड्यातल्या कुठल्या गोठ्यातून आलं? पाडव्याच्या नव्या सदऱ्याला काजं कुणी केली? बहिष्काराचा पहिला फटका बसतो तो दिवसाच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्या गाडीवाल्याला, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

अर्थात जबाबदारी एकट्या गिऱ्हाइकाची नाही. माप पुरं द्यावं, भाव एकच सांगावा, रस्ता मोकळा ठेवावा आणि कुठल्याही घरातल्या बाईला त्या गर्दीतून निर्धास्त चालता यावं, हे पाहणं दुकानदारांचं काम आहे. रोज्याचा सब्र तराजूतही दिसायला हवा.

रमजानचा बाजार फक्त रोजेदारांचा राहिला, तर माल विकला जाईल, पण शेजार हरवेल. इफ्तारनंतर शहागंजात ग्लासभर फालुदा प्यायला रोजा असावा लागत नाही. आणि तिथून परतताना मुलांसाठी साखरेची गाठी घेणाऱ्या रोजेदारालाही कुणी धर्म विचारू नये.