आशाताई बेचाळीस दिवस का येतात?



दोन महिन्यांपूर्वी आमच्या सुनेला मुलगा झाला. अल्हम्दुलिल्लाह, दोघे सुखरूप आहेत. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यातून बल्लारपूरच्या घरी आणले, आणि त्याच दुपारी मोहल्ल्यातल्या आशाताई वजनकाटा, थर्मामीटर आणि वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी बाळाला तोलले, ताप पाहिला, छातीवरचे कापड बाजूला करून श्वास मोजला, दूध नीट ओढतो का ते सुनेला विचारले. सातव्या दिवशी अकीक्याची गडबड होती, घर पाहुण्यांनी भरले होते, तरी त्या आल्याच. मग चौदाव्या दिवशी आल्या. मग एकविसाव्या.

आमच्या अम्मी आता ऐंशीच्या घरात आहेत. एकविसाव्या दिवशी त्या चिडल्या. “पोरगं चांगलं आहे, दूध पितं, झोपतं. मग ही बाई सारखी कशाला येते? आणि अमुकच दिवशी यायचं, हे तिला सांगितलं कुणी?”

प्रश्न वैतागून विचारलेला होता, पण खरा होता. आम्ही वैज्ञानिक पद्धतीबद्दल बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट येतात. अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मात्र प्रयोगशाळेत जावे लागत नाही. ते उत्तर वैनगंगेच्या पलीकडे आहे.

मणी आणि वाळू

गडचिरोली 1982 पर्यंत आपल्याच चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होती. 1986 पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तिथे काम करते आहे. लहान मुले कशाने मरतात हे पाहताना न्यूमोनिया हे एक मोठे कारण त्यांच्यापुढे आले. डॉक्टर दूर, रस्ते कच्चे. मग गावातच कुणी हा आजार ओळखून गोळ्या देऊ शकेल का? सुईण देऊ शकेल?

न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि अनेक सुईणींना फार पुढे मोजता येत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी मण्यांचे साधे साधन तयार केले आणि सोबत एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास धोक्याइतका जलद आहे असे समजायचे.

पण हे खरेच उपयोगी पडते, हे ठरवायचे कसे? एक मूल वाचले, दहा वाचली, तरी ती औषधाशिवायही वाचली असती असे कुणी म्हणू शकेल. म्हणून 58 गावांत हे काम सुरू केले आणि त्याच भागातल्या 44 गावांत फक्त मोजदाद ठेवली. 1988-89 च्या त्या एका वर्षात पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने झालेले मृत्यू 44 गावांत 17.5 होते, तर 58 गावांत 8.1. हे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

नवजात बाळांसाठी पुढचा प्रयोग 1993 मध्ये सुरू झाला. या वेळी 39 गावे आणि तुलनेला 47 गावे होती. पहिली दोन वर्षे काहीही न बदलता फक्त मोजले. हजार जन्मांमागे महिन्याच्या आत मरणारी बाळे एकीकडे सुमारे 62 आणि दुसरीकडे सुमारे 58, म्हणजे दोन्हीकडे स्थिती जवळपास सारखीच होती. त्यानंतर 39 गावांतल्या निवडक स्त्रियांना शिकवले. घरोघरी जाऊन बाळ तपासणे, त्याला ऊब देणे, दूध पाजायला मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी 39 गावांतला आकडा 25.5 वर आला. 47 गावांशी तुलना करता ही घट 62 टक्के होती. 1999 मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि 2011 मध्ये भारत सरकारने आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. दवाखान्यात बाळंतपण झाले तर सहा भेटी, घरी झाले तर पहिल्या दिवसाची धरून सात. आशाताईंच्या वहीतले दिवस तिथून आले.

अम्मींनी हे सगळे ऐकले आणि लगेच विचारले, “म्हणजे त्या 47 गावांतल्या पोरांना तसंच सोडलं?”

हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही पडतो. त्या गावांतल्या सरकारी सेवा चालूच होत्या, त्यांच्या वाट्याचे काही काढून घेतलेले नव्हते. आणि गावातल्या बाईने बाळाला इंजेक्शन दिल्याने बाळ वाचेल की अपाय होईल, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते म्हणूनच पाहावे लागले. तरीही अम्मींच्या प्रश्नातली टोचणी पुरती जात नाही, आणि ती जाऊही नये. माणसांवर प्रयोग करणाऱ्याला ती सतत जाणवली पाहिजे.

मग बऱ्याच वेळाने अम्मी म्हणाल्या, “आमचा पहिला पाचव्या दिवशी गेला.”

हे आम्हाला कळले होते ते इतरांकडून. अम्मी स्वतः कधी बोलल्या नव्हत्या. अब्बा तेव्हा वैनगंगेपलीकडे बांबूच्या कूपावर मुनशी होते. बाळ दूध ओढेना, अंग गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली. सगळे म्हणाले, हवा लागली.

“अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली,” अम्मी म्हणाल्या. त्यावर आमच्याकडे शब्द नव्हते. या विश्वासाने त्यांना साठ वर्षे धीर दिला आहे. आमची तक्रार ‘हवा लागली’ या शब्दांशी आहे. ते एकदा म्हटले की पुढे विचारायला काही उरत नाही. कुठली हवा, कोणत्या बाळाला लागते, कोणाला लागत नाही, काय केले तर लागणार नाही, यातले काहीच कुणी तपासत नाही. ज्या उत्तराला चूक ठरण्याची सोयच नसते, ते पुढच्या बाळाला वाचवत नाही.

आजची नव्हे ही रीत

तुलना करून पाहण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. सुमारे 1100 वर्षांपूर्वी हकीम अबू बक्र अल-राझी यांनी सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या रोग्यांबद्दल लिहून ठेवले आहे की काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, फरक कळावा म्हणून. त्यांनी निष्कर्ष काढला की रक्त काढणे उपयोगी आहे. आज वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. आम्हाला यात राझींची लाज वाटत नाही. एकाने तुलना केली, नंतरच्यांनी अधिक काटेकोर तुलना करून चूक काढली. थोर माणसाचाही निष्कर्ष पुन्हा तपासायचा असतो, हा या पद्धतीचा अदब आहे.

बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांची रीत आणखी साधी. अंधाऱ्या खोलीच्या एका छिद्रासमोर त्यांनी अनेक दिवे मांडले. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा होई, बाकीचे जागेवर. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एका छिद्रातून जातानाही एकमेकांत मिसळत नाही, हे त्यांनी असे दाखवले. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, एवढे सूत्र.

जिथे प्रयोग करता येत नाही

प्रत्येक विद्येत असा दिवा झाकता येत नाही. आपल्या जंगलातला वाघच घ्या. त्याच्यावर प्रयोग कसला करणार? तो नुसता मोजायचा आहे. पूर्वी पायाचे ठसे, ज्यांना आपल्याकडे पगमार्क म्हणतात, त्यावरून वाघ ओळखत. पण ओली माती, कोरडी माती, चालण्याची गती यांनी ठसा बदलतो. 2005 मध्ये उघड झाले की राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही, आणि आदल्याच वर्षीच्या मोजणीत मात्र ते दाखवलेले होते. मग पद्धतच बदलली. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात, म्हणून कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखू लागले. आधी टिपलेले वाघ पुन्हा किती वेळा दिसतात, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. जुन्या पद्धतीने 2001-02 मध्ये देशात 3,642 वाघ होते. नव्या पद्धतीने 2006 चा अंदाज निघाला 1,411. आकडा कडू होता, पण विश्वासाचा होता. आज ताडोबात वाघ किती आणि गावाजवळ कोणता फिरतो, हे बोलता येते ते या कॅमेऱ्यांमुळे.

इतिहासात तर मोजायलाही काही उरलेले नसते, फक्त सांगणारे उरतात. तिथे सांगणाऱ्याचीच परीक्षा होते. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक रावीबद्दल विचारले: हा कुठे राहिला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला भेटणे शक्य तरी होते का? 1377 मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहिणाऱ्या इब्न खल्दून यांनी पुढचा प्रश्न विचारला. सांगणारा प्रामाणिक असला तरी सांगितलेली गोष्ट घडू शकते का? हजरत मूसा यांच्या सैन्यात सहा लाख माणसे होती या जुन्या आकड्याला त्यांनी हरकत घेतली. एवढे सैन्य लढायला उभे केले तर एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणारही नाही.

म्हणजे साधने वेगवेगळी. वैद्य तुलना करतो, वनरक्षक पट्टे पाहतो, इतिहासकार साक्षीदार तपासतो. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच: आपण चुकत असू तर ते आपल्याला कळणार कसे?

आपल्या घरात

हा प्रश्न घरात आणायला पदवी लागत नाही. मोबाइलवर कुठल्या पानाचा, कुठल्या काढ्याचा संदेश आला तर इतके विचारावे: हे कुणी सांगितले, त्याला कसे कळले? किती जणांना दिले, आणि न दिलेल्यांचे काय झाले? उपयोग झाला नाही असे कुणी निघाले, तर ते आपल्याला ऐकू येईल का?

आणि एक गोष्ट तर आजच करता येईल. खोकला-सर्दीत बाळाचा श्वास जलद वाटला, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षे 40 किंवा जास्त श्वास भरले, तर लगेच दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूधच घेत नसेल, तर मोजत बसू नका, तसेच निघा.

बेचाळिसाव्या दिवशी अम्मी सकाळपासून दाराकडे पाहत होत्या. आशाताई आल्या तेव्हा बाळाच्या अंगावरचे कापड अम्मींनी स्वतःच्या हाताने सोडले. जन्माच्या वेळी 2 किलो 600 ग्रॅम असलेले पोर 3 किलो 900 भरले. “वहीत नीट लिहिलंत ना?” अम्मींनी विचारले, आणि चहा घेतल्याशिवाय आशाताईंना जाऊ दिले नाही.