उठला, गरगरला, ‘लो’ झाला

गणेशपुरीला आलं की आधी भीमेश्वराजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायचं आणि मग नित्यानंद बाबांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, हा अनेकांचा रिवाज. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे कुंडाच्या पायरीवर बसलेल्या सर्वज्ञांशी. कुणीही गरगरलं की यांचं निदान तयार : "लो झालंय, लो! मीठ-साखर घाला तोंडात!"

आता बघा. गुरुवारचा उपास, सकाळपासून पाण्याचा घोट नाही, वर बीपीची गोळी घेतलेली. असे साठीचे काका गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसतात आणि ताडकन उठतात. डोळ्यांपुढे अंधारी, हात कठडा शोधतोय. यात अघटित काय घडलं? उष्णतेनं रक्तवाहिन्या सैलावल्या, घामावाटे पाणी गेलं, उठताक्षणी रक्त पायांकडे उतरलं आणि मेंदूला कमी पडलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाबाचा वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं घसरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. काकांना बाहेर काढून आडवं करा, पाय उंच ठेवा, शुद्धीवर असतील तर पाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबू पिळणं ही सेवा नव्हे, ते श्वासनलिकेत जातं. आणि फीट व चक्कर यांतला फरक न कळता कांदा हुंगवायला धावणाऱ्यांनी बाजूला सरावं. काकांना हवा लागू द्या.

साधारण 90/60 च्या खाली गेला की रक्तदाब कमी म्हणतात. पण नुसत्या आकड्याला घाबरायचं कशाला? एखाद्या सडपातळ मुलीचा दाब कायम 88/58 असतो, ती दिवसभर कामं उरकते, जिने चढते, तिला काहीही होत नाही. तिला रोगी ठरवणारे तुम्ही कोण? जर्मनीत वर्षानुवर्षं अशा कमी दाबाला आजार मानून औषधं दिली गेली. इंग्रज डॉक्टर त्याला ‘जर्मन रोग’ म्हणून चिडवायचे. आपण जर्मनांच्याही पुढे. आपल्याला थेट सलाईन लागतं! "एक बाटली चढवली की कसं तरतरीत वाटतं!" त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत असतं काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. जुलाबानं सुकलेल्या, तोंडानं घेतलेलं काही पोटात न टिकणाऱ्या रुग्णाला ते जीवदान आहे. चालत आलेल्या धडधाकट माणसाला ती पैसे मोजून घेतलेली सुई आहे.

मला खरी चीड येते ती बायकांच्या बाबतीत. सून वर्षभर थकलेली, जिना चढताना धापा टाकणारी, पापणी आतून पांढरीफटक. घर म्हणतं, "तिचं बीपी लो असतं." अरे, हिमोग्लोबिन तपासलंत का? रक्तदाब कमी असणं वेगळं, रक्त कमी असणं वेगळं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. त्यांच्या हातात लोहाच्या गोळ्या पडायला हव्यात, पडतं काय? लिंबू-सरबत.

याच घरातला कर्ता पुरुष एकदा 110 आकडा बघतो आणि "लो जातंय" म्हणून आपली बीपीची गोळी बंद करतो. अहो शहाणे, तो 110 त्या गोळीमुळेच आला! चक्कर येत असेल तर मात्रा कमी करायची का, वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटची गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळीही उठताना दाब पाडू शकते, म्हणून जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आणि मोजताना पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, तोंड बंद ठेवा.

मात्र छातीत दुखून घाम फुटला, शौचाला डांबरासारखं काळं झालं, गरोदर बाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं, किंवा डेंग्यूचा ताप उतरताना हातपाय गार पडले आणि पोट दुखू लागलं, तर तिथे घसरलेला दाब म्हणजे आतल्या संकटाची वर्दी असते. त्या वेळी मीठ-साखर कालवत बसू नका. 108 ला फोन लावा.