दूध वाड्यात, मांस वस्तीत

इंग्रजांच्या रविवारच्या जेवणात भाजलेल्या गोमांसाला मोठा मान आहे. त्या मांसाशेजारी एका वाटीत पांढरे तोंडीलावणे ठेवलेले असते. हॉर्सरॅडिश नावाचे झणझणीत मूळ किसायचे, त्यात व्हिनेगर, मीठ, थोडी मोहरी घालायची आणि ते घट्ट मलईत कालवायचे. झाला सॉस. जगभरच्या बड्या हॉटेलांत तो मिळतो, तो खाणाऱ्याला कोणी त्याची जात विचारत नाही.

चळवळीच्या वाचकाला या पाककृतीशी काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी विचारील. देणेघेणे आहे. या ताटात मांस आहे आणि शेजारच्या वाटीत मलई आहे. गायीने दिलेल्या दोन्ही गोष्टी एका ताटात आल्या आहेत. आमच्या मराठवाड्यात त्या पिढ्यान् पिढ्या एका ताटात आल्या नाहीत. का आल्या नाहीत, याचे उत्तर स्वयंपाकघरात नाही, गावगाड्यात आहे.

नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही जुन्या गावाचा हिशोब मांडून पाहा. गाय जिवंत असेपर्यंत तिचे दूध, दही, लोणी, तूप मालकाच्या वाड्यात. बैल जिवंत असेपर्यंत त्याचे कष्ट मालकाच्या शेतात. जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे. मांस वस्तीत, कातडे पुढे कमावण्यासाठी ढोराकडे. म्हणजे जनावर एकच, पण जिवंतपणी ते वाड्याचे आणि मेल्यावर वस्तीचे. दूध पिणारा पवित्र ठरला आणि त्याच्याच गोठ्यातली घाण उपसणारा अपवित्र ठरला. याला धर्म म्हणायचे की वाटमारी?

वाट्याला आलेल्या त्या मांसावर आमच्या आया-आज्यांनी पोरे जगवली. एका दिवसात न संपणाऱ्या मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून त्या दोरीवर उन्हात वाळवल्या. त्याच चान्या. पावसाळ्यात कामधंदा नसताना दोन चान्या विस्तवावर भाजायच्या, ज्वारीच्या भाकरीवर ठेवायच्या, सोबत पाट्यावर रगडलेली मिरची आणि मीठ. लसूण असला तर लसूण, नसला तर तोही नाही. भाजलेल्या मांसाला झणझणीत जोड हवी, हे इंग्रजांप्रमाणे आमच्या आजीलाही कळत होते. तिच्या तोंडीलावण्यात मलई नव्हती, कारण तिच्या घरात दूध नव्हते. चवीची जाण कमी नव्हती, वाटा कमी होता.

उस्मानाबाद जिल्ह्यातून आलेले लेखक शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या या अन्नाची नोंद केली. पुस्तकाच्या नावातच त्यांनी 'पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्यांना उत्तर दिले आहे. त्यातल्या पाककृतींत तेल, तूप, दूध जवळपास नाही. २०२४ साली हे पुस्तक इंग्रजीत गेले आणि मराठवाड्यातील दलितांचे स्वयंपाकघर जगाला दिसले. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली दलितांच्या अन्नस्मृतींवर काम झाले होते. परंतु महाराष्ट्रीय पाककृतींच्या नावाखाली खपणारी पुस्तके चाळा. पुरणपोळी आहे, अळूचे फदफदे आहे, बासुंदी आहे. चान्या शोधून सापडत नाहीत.

येथे आमच्यातूनच एक प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिक आहे. बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितले असताना पुन्हा ते उकरून कशाला काढायचे? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बजावले. समाजाने ते ऐकले. उपासमार सोसली, गावाचा बहिष्कार सोसला, पण ओढकामाला नकार दिला. हा नकार आमच्या इतिहासातला सोन्याचा दिवस आहे. त्यात तसूभर मागे जायचे नाही.

पण बाबासाहेबांनी सोडायला लावली ती लाचारी होती. त्यांनी इतिहास विसरायला सांगितले नाही. उलट १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गोमांसाचाच प्रश्न मध्यभागी ठेवला. एके काळी ब्राह्मणही गोमांस खात होते, हे त्यांनी वैदिक साहित्याचे पुरावे देऊन मांडले. ज्या गोष्टीवर बाबासाहेबांनी ग्रंथ लिहिला, ती गोष्ट बोलताना आम्ही खाली मान का घालावी? नांदेडच्या किंवा लातूरच्या कॉलनीत भाड्याने खोली मागताना 'आम्ही मांसाहार करत नाही' असे सांगावे लागते, हा स्वाभिमान नव्हे. कोणी मनापासून मांस सोडले असेल तर त्याचा आदर आहे. कोणाच्या धाकाने लपवले असेल तर तो जुनाच बहिष्कार नव्या घरात आला आहे.

हा धाक आता कायद्याच्या भाषेतही बोलतो. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळात थकलेला बैल विकायचा कोणाला, हे या पुत्रांनी कुणब्याला सांगितले नाही. खाटकाचा धंदा गेला, शेतकऱ्याचे भांडवल गेले, गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. वाड्यातले दूध मात्र कोणी बंद केले नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ताट पूर्ण करा. म्हशीच्या मांसावर राज्यात अशी बंदी नाही. ते मांस भाजा किंवा कोंबडी भाजा, आणि जोडीला हे पांढरे तोंडीलावणे घरी करा. हॉर्सरॅडिश आपल्या बाजारात मिळणार नाही, पण मुळा आणि मोहरी त्याच कुळातल्या आहेत. एक वाटी पांढरा मुळा किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळावा. दोन चमचे मोहरी थोड्या गार पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे तशीच ठेवावी. मोहरी चिरडल्याशिवाय आणि तिला पाणी लागल्याशिवाय तिचा तिखटपणा जागा होत नाही. नाकात झिणझिण्या येऊ लागल्या की लिंबू पिळावे. आंबटाने तिखटपणा आहे तिथे थांबतो, म्हणून लिंबू आधी घालू नये. मग अर्धी वाटी घट्ट साय, चवीपुरते मीठ घालून सगळे कालवावे. चुलीवर चढवू नये, उष्णतेने झणका जातो.

ही साय आता आमच्या घरात आहे. ती कोणाच्या मेहेरबानीने आलेली नाही. शिक्षणाने, नोकरीने, संघर्षाने आली आहे. ती चाखताना ज्या आजीने मीठ-मिरचीवर भागवले तिला विसरू नका. घरात म्हातारी माणसे असतील तर आज रात्रीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. चान्या कशा वाळवायच्या, येसूर कसा करायचा, वाटे कसे पडायचे आणि कोणाला काय मिळायचे, सारे लिहून घ्या. पदार्थाच्या नावाबरोबर त्या दिवशी घरात काय नव्हते, तेही लिहा. ते 'काय नव्हते' हाच आमचा इतिहास आहे, आणि तो दुसरे कोणी लिहिणार नाही.